व्हायब्रो सिफ्टरखालची स्लीव्ह सारखी फाटते? नवी मागवण्याआधी फट मोजा

तक्रार नेहमी एकाच चालीत येते. "स्लीव्ह बदलली, क्लिपा आवळल्या, थोडे दिवस ठीक चाललं, आता परत पावडर गळते." मग पुढची स्लीव्ह आणखी जाड, क्लिपा आणखी घट्ट आणि वरून मास्किंग टेपचे वेढे. गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींत वेर्णा असो, कुंडई असो की थिवी, आत औषधाची पावडर असो, मसाला असो की पशुखाद्य, सिफ्टर (कंप पावणारी चाळणी) आणि खालचा हॉपर (माल झेलणारं नरसाळं) यांच्यामधला तो वीतभर रबराचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, मेंटेनन्सच्या रजिस्टरात पानोपानी भेटतो.

बहुतेक वेळा स्लीव्हचा त्यात दोष नसतो. चुकलेलं असतं सिफ्टरचं तोंड आणि हॉपरचं तोंड यांच्यामधल्या फटीचं माप. एक तर मशीन बंद आणि रिकामं असताना कुणीतरी टेप लावून ते घेतलेलं असतं, नाही तर मुळात घेतलेलंच नसतं. जुनी फाटकी स्लीव्ह पार्सलमध्ये घालून "अशीच पाठवा" असं सप्लायरला कळवलं जातं. ती जुनी स्लीव्ह ताणून ताणून लांबलेली असते. तिची हुबेहूब नक्कल येते आणि चूक पुढच्या वर्षापर्यंत पोचते.

फाटलेली स्लीव्ह कचऱ्यात टाकू नका

काढण्याआधी तिच्यावर मार्करने वरची बाजू आणि पुढची बाजू लिहा. मग उजेडात धरून बघा. कुठे आणि कशी फाटली यावरून कारण अर्धं कळतं.

वरच्या क्लिपेच्या काठाला लागून चहूबाजूंनी सारखी फाटली असेल तर ती आखूड होती, प्रत्येक हेलकाव्याला ताणली जात होती. तशीच चीर पण एकाच बाजूला असेल तर वरचं तोंड आणि खालचं तोंड एका रेषेत नाहीत. मधोमध, घडी पडते तिथे कापड किंवा रबर झिजून भोक पडलं असेल तर स्लीव्ह गरजेपेक्षा लांब आहे. तिची वळी आत पडते, पडणारी पावडर त्या वळीवर घासते आणि घडी स्वतःशीही घासते. ही खूण लोक हमखास चुकीची वाचतात. भोक दिसलं की "मटेरियल हलकं" असा शेरा मारून मोकळे होतात.

बरोबर क्लिपेखाली कापल्यासारखी दिसत असेल तर पाइपच्या तोंडावरून बोट फिरवा, पण हातमोजा घालून. तिथे बर (कापलेल्या धातूची धारदार कड) असते, नाही तर वेल्डिंगचा दाणा राहिलेला असतो. आणि स्लीव्ह कुठेच फाटलेली नाही, तरी हॉपरवर पावडरीचा थर बसतो, अशी तक्रार असेल तर प्रश्न क्लिपेचा किंवा आतल्या हवेचा आहे. त्याकडे पुढे येतो.

मोजायचं कसं

आधी लॉकआउट. मेन आयसोलेटर बंद, कुलूप लावलेलं, किल्ली मोजणाऱ्याच्या खिशात. स्लीव्ह काढलेल्या फटीत हात घालून उभं राहायचं असतं, म्हणून हे सांगतोय.

घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ या जागी फट मोजा. चारही आकडे लिहून ठेवा, सरासरी काढू नका. एका बाजूला १४० आणि समोरच्या बाजूला १६० मिळाले तर सरासरी १५० येते खरी, पण तुमच्यासमोरचा प्रश्न त्या वीस मिलिमीटरमध्ये आहे. मग वरच्या तोंडाच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि खालचं तोंड किती सरकलंय ते बघा. हेही दोन दिशांना. गवंड्याचा ओळंबा चालतो, लेझर लागत नाही.

हे झालं रिकाम्या, उभ्या मशीनचं. सिफ्टर स्प्रिंगांवर बसलेला असतो. जाळीवर माल पडला की तो खाली दबतो, फट कमी होते. म्हणून माल चढवून परत मोजा.

आता खरा भाग. चालू सिफ्टर फार हलत नाही. चार पोलची मोटर, साधारण १४४० फेरे, काही मिलिमीटरचा स्ट्रोक. सगळा धिंगाणा होतो तो चालू होताना आणि त्याहून जास्त बंद होताना. मोटरचे फेरे कमी होत होत स्प्रिंगांच्या स्वतःच्या आंदोलनाशी जुळतात, तेव्हा काही क्षण सगळं मशीन गदागदा हलतं. स्लीव्हचा जीव जातो तो त्या क्षणांत. चालू मशीन बघून "एवढंसं तर हलतंय" म्हणणारा माणूस मशीन बंद होईपर्यंत थांबलेला नसतो.

हे मोजायला महागडं काही नको. सिफ्टरच्या तोंडाला मार्कर टेपने पक्का बांधा, हॉपरच्या बाजूला स्टँडवर जाड पुठ्ठा असा लावा की मार्करचं टोक त्याला जेमतेम टेकेल. सगळे बाजूला झाले, लॉक निघाले, की मशीन चालू करा, मिनिटभराने बंद करा. पुठ्ठ्यावर आतला लहान गोळा म्हणजे चालू असतानाची हालचाल आणि बाहेरच्या सैरावैरा रेघा म्हणजे बंद होतानाची. बाहेरच्या रेघांचं माप धरायचं. जोडीला मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर साहेबांना पटवायलाही उपयोगी पडतो.

लांबी ठरवताना

समजा माल चढवलेला असताना फट १५० मि.मी. आहे, बंद होताना सिफ्टर वर-खाली १० मि.मी. आणि आडवा १२ मि.मी. जातो. सगळ्यात वाईट क्षणी दोन तोंडांमधलं तिरकं अंतर १६० आणि १२ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम १६०.५ मि.मी. म्हणजे मधली मोकळी लांबी १६५ च्या आसपास हवी. १५० ची स्लीव्ह दर वेळी ताणली जाणार, १९० ची आत वळी घालणार. यात क्लिपेखाली जाणारा भाग धरलेला नाही. तो दोन्हीकडे ४० ते ५० मि.मी. वेगळा. ऑर्डरमध्ये "एकूण लांबी" आणि "मोकळी लांबी" हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. एकच आकडा लिहिला की सप्लायर त्याला वाटेल तो अर्थ लावतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. तोच १२ मि.मी. आडवा हेलकावा १५० च्या फटीत स्लीव्हला शेकडा अर्ध्याहूनही कमी ताणतो. फट ४० असेल तर ताण साडेचार टक्क्यांवर जातो. आणि जागा नाही म्हणून कुणी फट २० मि.मी. ठेवली असेल तर तोच हेलकावा स्लीव्हला सोळा-सतरा टक्के ताणतो, सेकंदाला कित्येकदा. अशा ठिकाणी जगातली कुठलीही स्लीव्ह टिकणार नाही. पाइपचं तोंड कापून फट वाढवणं हाच उपाय आहे, आणि तो प्रॉडक्शनला नको असतो, कारण कापायला एक दिवस जातो. दर महिन्याला स्लीव्ह बदलण्यात किती तास जातात हे मात्र कुणी जोडून बघत नाही. कंप पावणाऱ्या मशीनखाली १०० ते २०० मि.मी. फट असावी असं माझं मत. त्याहून खूप मोठी ठेवली तर स्लीव्ह लोंबते आणि मध्ये रिंग घालावी लागते.

तोंडं एका रेषेत नसतील तर ती स्लीव्हकडून जुळवून घेऊ नका. मशीन हलत असतं म्हणून मध्ये लवचीक तुकडा घातला जातो. फॅब्रिकेटरने तिरकं बसवलेलं तोंड झाकणं हे त्याचं काम नाही. कायमचा दोन-चार मिलिमीटर सरक चालून जातो, बोटभर असेल तर हॉपर सरकवा.

क्लिपा

साध्या स्क्रूच्या क्लिपेला, ज्याला स्टोअरमध्ये जुबली क्लिप म्हणतात, पाइपच्या तोंडाजवळ उठावदार कडं लागतं. स्लीव्ह त्या कड्यावरून पुढे जाते आणि क्लिप कड्याच्या मागे बसते. कित्येक हॉपरांना हे कडं नसतंच, गुळगुळीत स्टील. तिथे क्लिप कितीही आवळा, हेलकाव्यासरशी स्लीव्ह केसाकेसाने खाली सरकत राहते. फॅब्रिकेटरकडून रोल करून किंवा गोल सळईची रिंग वेल्ड करून घ्या, अन्नाच्या किंवा औषधाच्या लाइनवर ती नीट बफ करून.

आवळताना इम्पॅक्ट गन वापरू नका. नट ड्रायव्हर पुरेसा आहे. क्लिपेच्या दोन्ही काठांनी रबर फुगून वर आलं की ते जास्त झालं. सिलिकॉन दबून बसतं, त्यामुळे पहिल्या शिफ्टनंतर मशीन बंद करून एकदा परत हात लावावा. हे एक काम केलं तरी निम्मी गळती थांबते, पण शिफ्ट बदलते आणि ते राहून जातं. मोठ्या व्यासाला दोन क्लिपा घालत असाल तर दोघींचे स्क्रू समोरासमोर येऊ द्या. स्क्रूच्या घराखाली दाब सारखा नसतो, दोन्ही घरं एकाच रेषेत आली तर तिथूनच पावडर वाट काढते.

गोव्यात आणखी एक भानगड आहे. क्लिपेचा पट्टा स्टेनलेसचा असतो पण स्क्रू झिंक चढवलेल्या साध्या पोलादाचा. कॅटलॉगमध्ये तिला डब्ल्यू २ म्हणतात. शोरूममध्ये चकचकीत दिसते. जूनमध्ये पाऊस लागला, खारा वारा आला, रोज धुलाई झाली की चवथीपर्यंत स्क्रू लाल होतो. मग तो सुटत नाही, छिन्नीने तोडावा लागतो आणि छिन्नी नव्या स्लीव्हच्या तोंडाला खोक पाडते. डब्ल्यू ४ मागवा, पट्टा आणि स्क्रू दोन्ही ३०४ जातीच्या स्टेनलेसचे. किनाऱ्याच्या अगदी जवळ किंवा मिठाच्या कामात डब्ल्यू ५, म्हणजे ३१६. स्टोअरमध्ये माल घेताना स्क्रूला चुंबक लावा. खाडकन चिकटला तर परत पाठवा. पूर्ण स्टेनलेस क्लिपेत स्क्रू कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत धरतात, म्हणून लाइनला चालणारं अँटी-सीझ वंगण किंचित लावावं.

हवेकडे कुणी बघत नाही

२५ किलोची गोणी रिकामी केली आणि पावडरीची बल्क घनता (ओतल्यावर एका लिटरचं वजन) ०.५ किलो असेल तर हॉपरमध्ये ५० लिटर जागा भरली. तेवढीच हवा बाहेर निघायला हवी, काही सेकंदांत. व्हेंटची (हवा बाहेर जाण्याच्या तोंडाची) फिल्टर बॅग चोंदलेली असेल तर ती हवा स्लीव्ह फुगवते आणि क्लिपेखालून धूळ घेऊन निघते. स्लीव्ह मग भजनातल्या पेटीच्या भात्यासारखी चालते: दर हेलकाव्याला आत-बाहेर, दर वेळी थोडी पावडर बाहेर. पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, ओलावा धरणारी पावडर बॅगवर पापुद्र्यासारखी बसते. त्यामुळे "फक्त पावसात गळतं" अशी तक्रार आली की मी आधी शिडी लावून व्हेंट बघतो, स्लीव्ह नंतर.

उलटही होतं. धूळ ओढणाऱ्या डस्ट कलेक्टरचा डँपर, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडा असेल तर स्लीव्ह आत ओढली जाते, कंबर बारीक होते, माल अडतो, ऑपरेटर बाहेरून हातोडीच्या दांड्याने ठोकतो. तिथे आधी डँपर थोडा बंद करा.

हॉपर लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) असेल तर गळती नसतानाही नुकसान चालू असतं. आत १०० मि.मी. पाण्याएवढा दाब म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. २०० मि.मी. व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर. म्हणजे वजनकाट्यावर तीन किलोंहून अधिक फुकटचा भार, आणि खेच असेल तर तेवढीच तूट. शिवाय कडक किंवा ताणलेली स्लीव्ह हॉपरला वर उचलून धरते ते वेगळं. बॅचचं वजन जुळत नाही म्हणून कॅलिब्रेशनवाल्याला परत परत बोलावण्याआधी स्लीव्ह सोडून काट्याचा आकडा बघा, मग जोडून बघा. फरक पडला तर लोड सेल बरा आहे.

मटेरियल

सिलिकॉन उष्णतेला उत्तम, साधारण २०० अंशांपर्यंत, पण एकदा चीर पडली की ती झरझर पुढे जाते. म्हणून सिलिकॉनच्या जवळ कटर नेऊ नका, पॅकिंग उघडतानासुद्धा.

पारदर्शक पॉलियुरेथेन (पीयू) झिजेला चांगलं. त्यात दोन जाती आहेत, ईस्टर आणि ईथर. ईस्टरची जात दमट उष्ण हवेत आणि गरम पाण्याच्या धुलाईत पाण्यानेच विघटित होते. आधी हाताला चिकट लागते, मग वाकवली की तडे. कोरड्या मुलखातल्या प्लांटमध्ये टिकलेली स्लीव्ह आपल्याकडे एका पावसाळ्यात मरते ती बऱ्याचदा याच कारणाने. ऑर्डरमध्ये "ईथर बेस" असं स्पष्ट लिहा. नुसतं "फूड ग्रेड पीयू" लिहिलं की स्वस्त पडेल ते येतं. स्पेअर स्लीव्ह पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवू नका. सपाट, सावलीत, पिशवीत ठेवा.

आत बसणाऱ्या स्नॅप फिट स्लीव्ह

यात क्लिप नाही. दोन्ही तोंडांना खास स्टीलची रिंग वेल्ड होते आणि स्लीव्हचा स्प्रिंगदार काठ तिच्या खाचेत आतून बसतो. आतला दाब वाढला की काठ आणखी घट्ट होतो. घडीत पावडर साचत नाही, बदलायला मिनिट लागतं. पैसे जास्त, पण रोज लाइन धुणाऱ्या प्लांटला परवडतात.

मात्र वर सांगितलेलं मोजमाप इथे दुप्पट महत्त्वाचं. क्लिपेची स्लीव्ह वर-खाली ओढून थोडी जुळवता तरी येते, ही नाही. साध्या जोडणीत स्लीव्ह फटीपेक्षा साधारण १० मि.मी. लांब धरतात, पण हालचाल जास्त असेल तर कंपनीच्या तक्त्यातूनच लांबी घ्यावी. रिंगा वेल्ड करताना आधी चार-सहा टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड), मग समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं. एका दमात गोल फिरवून वेल्ड मारला की पातळ रिंग अंडाकृती होते. थंड झाल्यावर दोन दिशांना व्यास मोजा. आणि वेल्डिंगच्या वेळी स्लीव्ह जागेवर ठेवून "फिटिंग बघत" बसू नका, एका ठिणगीत ती गेली. काठ नीट बसला की टक् असा आवाज होतो. त्यानंतर बोट गोल फिरवून खात्री करावी, कुठे उचललेला नाही ना.

अर्थिंग

साखर, स्टार्च, दूध पावडर, बहुतेक औषधी पावडरी हवेत उडाल्या की पेट घेऊ शकतात. साधी सिलिकॉन किंवा पीयू स्लीव्ह वीज वाहू देत नाही. सिफ्टर रबरी पायांवर असेल तर दोन्हीकडून तुटलेला धातूचा तुकडा तयार होतो आणि त्यावर चार्ज साचत जातो. स्लीव्हच्या दोन्ही बाजूंच्या धातूला विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडा, पट्टीच्या टोकाचा लग बसतो तिथला रंग खरवडून. मल्टिमीटरवर १० ओहमच्या आत यायला हवं. स्लीव्ह बदलताना ही पट्टी सुटते आणि लटकत राहते. तिच्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, प्रॉडक्शन कितीही ओरडलं तरी. धोका असलेल्या पावडरीला कार्बनयुक्त, वीज वाहणारी स्लीव्हच हवी. पट्टी तिची जागा घेत नाही.

पंपाकडच्या लवचीक जोडण्या

याबद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात. रबरी बेलोज (भात्यासारखी लवचीक जोडणी) फ्लँजमध्ये पकडून पाइप ओढून जुळवू नका. आधी पाइपांना आधार द्या, फ्लँज समांतर करा. टाय रॉड असतील तर ते काढून फेकू नका, दाब आल्यावर बेलोज लांबायला तेच अडवतात. बोल्टचं डोकं बेलोजच्या बाजूला, नट बाहेर. नाही तर आट्यांची टोकं रबरात घुसतात. स्टीलच्या विणीच्या होजला पीळ चालत नाही. आवळताना दोन पाने लागतात, एकाने होजचं षटकोनी तोंड धरून ठेवायचं. गरम लाइनवर, इन्सुलेशनखाली ३०४ ची होज असेल आणि खारी हवा असेल तर ती बाहेरून क्लोराइडने तडकते. दरवर्षी इन्सुलेशन उघडून बघा.

एवढं सगळं करूनही फाटली तर

फट बरोबर, लांबी बरोबर, तोंडं एका रेषेत, व्हेंट मोकळा, तरी पुठ्ठ्यावरच्या रेघा पहिल्यापेक्षा मोठ्या होत चालल्या असतील तर सिफ्टर तपासा. एखादी स्प्रिंग तुटलेली असते. बाहेरून कळत नाही, कारण तुकडे जागेवरच बसलेले असतात. प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजा, वेगळी निघाली की सगळा संच बदला, एकटी नको. नंतर मोटरच्या शाफ्टवरची, कंप निर्माण करणारी वजनं. जाळी बदलताना कुणीतरी खालच्या वजनाचा कोन हलवलेला असू शकतो. जुना कोन लिहिलेला नसेल तर मशीनच्या पुस्तिकेतून सुरुवातीची सेटिंग लावा आणि नव्या पुठ्ठ्यावर परत रेघा काढा. तो पुठ्ठा तारीख टाकून मशीनच्या फाइलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागेल.